केशराच्या खोलीत रस्त्यावरचे चोक

कराडला आमच्या घराच्या मागच्या खोलीत केशराचा सेटअप बसवून देणाऱ्याने कंद खरे दिले, ट्रे चांगले दिले, एसीसुद्धा नावाजलेल्या कंपनीचा दिला. लबाडी केली ती फॉल्स सीलिंगच्या वर आणि बोर्डाच्या आत, म्हणजे गिऱ्हाईक जिथं डोकावत नाही तिथं. खोलीत दिव्यांखाली काहीही पिकवायला निघाला असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं होतं आणि कागदावर त्यात खोट काढायला जागा नव्हती. 400 वॅटचे आठ सोडियम दिवे, प्रत्येकाला ‘इम्पोर्टेड ग्रो बॅलास्ट’, अडीच एमएमची तांब्याची वायर, आरसीसीबी (शॉक बसला की वीज तोडणारा स्विच), केमिकल अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत सोडणारी जोडणी). बॅलास्ट म्हणजे आपला चोकच, ट्यूबलाइटला असायचा तसला, फक्त दणकट. सोडियमचा दिवा 230 व्होल्टला थेट जोडला तर वीज ओढतच सुटतो, त्याला चोक आवरून धरतो. पेटवायला इग्नायटर लागतो. आणि तिसरा भाग कॅपॅसिटर. आमचं घोडं तिथंच पेंड खात होतं.

पण हे सगळं कळलं फार उशिरा, आणि ते उशिरा कळावं अशीच त्याची व्यवस्था होती. केशराच्या कंदात फुलापुरता शिधा आधीच साठलेला असतो. गार, दमट खोलीत ट्रेमध्ये नुसता मांडून ठेवला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो फुलतो, माती लागत नाही आणि उजेडही फारसा लागत नाही. उजेडाचं खरं काम त्यानंतर. पानं वाढतात, आणि त्या पानांनी केलेल्या अन्नावर पुढच्या वर्षीचे कंद पोसतात. विकणाऱ्याला हे वेळापत्रक पाठ होतं. आठ दिवे एकदम लावायची वेळच आली नव्हती तोवर फुलं आली, घरात सगळे खूश, त्याने व्हिडिओ काढले आणि “ताई, रिझल्ट बघितलात ना?” म्हणत शेवटचा हप्ता नेला. (एक ग्रॅम सुक्या केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, हे गणित त्या व्हिडिओत नव्हतं.)

पुढे पानांसाठी आठही दिवे लावले, तर 20 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे वीज जास्त ओढली की आपोआप बंद होणारा स्विच, पडायला लागला. फोन केल्यावर त्याचा पोरगा आला, “एमसीबी वीक आहे मॅडम” म्हणाला आणि 40 चा टाकून गेला. दिवे सुरळीत चालू लागले. हा प्रकार कुणी तुमच्याकडे करत असेल तर त्याला तिथंच थांबवा. एमसीबी असतो वायरीसाठी. पाइपातून नेलेली अडीच एमएमची चांगली तांब्याची वायर साधारण वीस-बावीस अँपिअर झेपवते, तेही गर्दी नसेल तर. तिच्यावर 40 चा एमसीबी बसवला की वायर जळाली तरी तो पडणार नाही.

काही दिवसांनी दुपारी खोलीत प्लॅस्टिक करपल्याचा वास यायला लागला. दीर म्हणाले ह्युमिडिफायरचा, म्हणजे खोली दमट ठेवणाऱ्या यंत्राचा असेल. मी मेन स्विच बंद केला आणि आमच्या ओळखीच्या परवानाधारक वायरमनना बोलावलं. त्यांनी सीलिंगचा एक पत्रा सरकवला, तर वर कनेक्टर वितळून खाली ओघळला होता.

त्यांनी टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र, काढला, एकच दिवा सुरू करून वायरीला लावला. साडेचार अँपिअर. “वहिनी, चारशेच्या दिव्याला दोन-सव्वादोनच्या वर जायलाच नको.” मग त्यांनी चोकचं खोकं उघडलं. बाहेरून काळं चकचकीत, जाळी, परदेशी अक्षरांचं स्टिकर. आत एक चोक, एक इग्नायटर, आणि कॅपॅसिटरच्या जागी दोन मोकळे स्क्रू. चोकवर वॉर्निश ताजं होतं, पण टर्मिनलमध्ये जुन्या कापलेल्या वायरींची टोकं तशीच अडकलेली होती. रंग खरवडल्यावर खाली भारतीय बनावटीची नेमप्लेट निघाली, त्यावर सन 2009.

2015 पासून देशभर रस्त्यांवरचे सोडियम दिवे उतरवून एलईडी बसवायचा कार्यक्रम झाला. उतरवलेल्या फिटिंग आणि चोक भंगारात गेले. आमचे चोक त्यातलेच, असं वायरमनचं मत आहे. भंगारात हा माल किलोवर मिळतो, आम्हाला तो नगाला 14,000 रुपयांनी पडला.

कॅपॅसिटर नसल्याने काय होतं ते त्यांनी समजावलं. चोक कामाच्या विजेबरोबर निरुपयोगी करंटही ओढतो. कॅपॅसिटर असला की तो करंट दिव्यापाशीच आत-बाहेर फिरतो, नसला की सगळा बोर्डापासून वायरीतून वाहतो. घरचा मीटर युनिट मोजतो, त्यामुळे बिलात हे उमगत नाही. तापते ती वायर. आठ दिव्यांचे सतरा-अठरा अँपिअर व्हायचे तिथं छत्तीस होत होते. आणि आठ कॅपॅसिटर गाळून त्या माणसाने वाचवले असतील ते किरकोळ पैसे!

वायरही तांब्याची नव्हती. ब्लेडने खरवडली तर आत पांढरी: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असल्या वायरीची वीजवाहकता तांब्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश असते. यावर एक सोपा उपाय आहे आणि तो कुणीही करू शकतं. अडीच एमएमच्या 90 मीटरच्या बंडलात नुसतं तांबंच दोन किलो असतं, वर प्लॅस्टिकचं वजन वेगळं. बंडल किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. दोन किलोसुद्धा भरलं नाही तर परत करा. वायरीवर आयएसआयची खूण आणि सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा नंबर असतो, एलईडीच्या ड्रायव्हरवर (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीवर) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो. दोन्ही भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकले की कुणाच्या नावावर आहेत ते दिसतं. आमच्या वायरीवरचा नंबर तिथं सापडलाच नाही.

आरसीसीबीची गोष्ट तर सरळ दरोड्याची. ह्युमिडिफायर चालणाऱ्या खोलीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ओला हात चोकच्या पेटीला लागून शॉक बसला तर तो वीज तोडतो. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं चाचणीचं बटण असतं. आमच्या बोर्डात त्या जागी बटणच नसलेला साधा आयसोलेटर, म्हणजे नुसता चालू-बंद करायचा स्विच होता. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डापर्यंत आली होती, पण टोकाला टेप गुंडाळून आत दडपलेली. आणि केमिकल अर्थिंग म्हणून बाहेर जे झाकण बसवलं होतं, ते उचलून दिरांनी ओढलं तर फूटभराची सळई हातात आली.

आता हा साधा हिशोब कोटेशन बघताना कुणी सांगितला असता तर! चोकसह एक दिवा 440 वॅट धरला तर आठांचे 3,520. एक टनाचा एसी साधारण 3,517 वॅट उष्णता ओढतो. म्हणजे ज्या पिकाला गारवा लागतो त्याच्या डोक्यावर भट्टी पेटवायची आणि एक टन एसी निव्वळ ती विझवायला लावायचा. सोडियम दिवे परदेशात ग्रो रूममध्ये वर्षानुवर्षं वापरले गेले, पण केशराच्या थंड खोलीत ते विकणं म्हणजे भंगार खपवणं आहे. तेवढाच उजेड एलईडीतून कमी विजेत मिळतो. फक्त खोक्यावरच्या ‘1000 वॅट’वर जाऊ नका. घरातलं बाकी सगळं बंद करा, तो एक दिवा लावा आणि मीटरवर किती किलोवॅट दिसतात ते विक्रेत्यासमोर बघा.

कोटेशन कलमवार होतं, पण बिलावर एकच ओळ: “केशर सेटअप, 1 नग”. चोक, वायर, अर्थिंग कशाचाच उल्लेख नाही. त्यावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, विकणाऱ्याने उत्तर दिलं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. आमचा त्याहून मोठा होता. “हा तर व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही,” हा त्याच्या वकिलाचा पहिला मुद्दा. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला 2019 च्या कायद्यात त्यातून सूट आहे, म्हणून खोलीत राबणारे आम्ही घरचेच आहोत याचे पुरावे जोडलेत.

व्हॉट्सॲपवरचं कोटेशन पुसू नका, फोनही बदलू नका. ते दाखल करताना सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. वायरमनकडून टाँग टेस्टरचे आकडे सहीनिशी लिहून घ्या. आणि रागाच्या भरात सगळी खोकी फोडू नका. माल तपासायला प्रयोगशाळेत पाठवायचे अधिकार आयोगाला आहेत. आमची पाच खोकी उघडली गेली, तीन अजून स्टिकरसकट तशीच कपाटात आहेत.