फुटबॉलची रात्र झकास, वडापाव गार

वर्सोव्यातला हा छोटा कॅफे शनिवारी अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे जुने सामने दाखवतो. परवा 2007 चा फिएस्टा बोल, म्हणजे हंगामाअखेरचा एक मोठा सामना, लावला होता, बॉइसी स्टेट विरुद्ध ओक्लाहोमा. ओव्हरटाइममध्ये एक गुण मागे असताना बॉइसी स्टेटचा कोच ख्रिस पीटरसन बरोबरीचा सोपा रस्ता (एका गुणाची किक) सोडून थेट दोन गुणांचा डाव टाकतो. क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) रिकाम्या उजव्या हाताने पास फेकल्याचा आव आणतो, चेंडू डाव्या हातात, पाठीमागे! त्याचाच साथीदार इयान जॉन्सन तो अलगद घेऊन डावीकडे सुसाट. 43-42, बॉइसी स्टेट जिंकलं. कबड्डीवाल्यांनी तर बघावीच अशी हूल. नियम समजावणारा मॅनेजर भला माणूस. कॉमेंट्रीचा आवाज मात्र फार बारीक, वडापाव गारढोण. पुढच्या टेबलावर बसू नका, एसीचं पाणी गळतं.