कार्बोरेटरचं रिपेअर किट आणि पारदर्शक नळी: पावसाळा-हिवाळा वापरून झाल्यावर

गाडी जुनी, १०० सीसीची, एकच कार्बोरेटर. रात्री पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास आणि सकाळी इंजिनखाली ओला डाग, ही तक्रार होती. घेतलं ते दोन-अडीचशेचं साधं किट: नीडल (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी छोटी सुई), वाटीचं ओरिंग (कार्बोरेटरच्या खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या सांध्यातली रबरी कडी), ड्रेन स्क्रूचं, म्हणजे वाटी रिकामी करायच्या स्क्रूचं ओरिंग, आणि दोन जेट (पेट्रोल मापाने सोडणारे बारीक भोकाचे तुकडे). शिवाय हातभर पारदर्शक नळी.

पेट्रोल गळतंय म्हटलं की बरेच जण थेट नवा कार्बोरेटर घ्यायला सांगतात. त्याआधी गळती नेमकी कुठून आहे ते बघाच. इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत, कार्बोरेटर बाहेरून कोरडा पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पेट्रोलचा कॉक चालू करा. पावडर जिथे आधी ओली होते, तिथे दुखणं. वाटीच्या सांध्यावर ओल आली तर ओरिंग, खालच्या स्क्रूपाशी आली तर त्याचं ओरिंग. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वाटीतलं जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीतून थेंब पडत असतील तर बाहेरचं काही बदलून उपयोग नाही. नीडल बसत नाही, किंवा फ्लोट (पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणारा भाग) बिघडलाय.

माझ्याकडे ओव्हरफ्लोच होता. पारदर्शक नळी ड्रेनच्या तोंडाला लावून, दुसरं टोक वर धरून स्क्रू सैल केला, की वाटीत पेट्रोल कुठवर चढलंय ते बाहेरूनच दिसतं. पातळी सांध्याच्या खाली थांबायला हवी होती, ती चढतच राहिली. वाटी उघडून नीडल उजेडात धरली तर रबरी टोकावर गोल खाच पडलेली, नखाला लागेल इतकी. फ्लोट कानाशी हलवून पाहिला. आत पेट्रोल शिरलं असतं तर डचमळलं असतं, पण तो ठणठणीत होता. नीडल जिथे बसते ती जागा इअरबडने स्वच्छ केली. हे सोडू नका, तिथे कचरा राहिला तर नवी नीडलही गळते.

नव्या नीडलबद्दल तक्रार नाही. विक्रेत्याने टोक व्हायटनचं (एक खास प्रकारचं रबर) असल्याचं सांगितलं होतं. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साध्या रबरापेक्षा व्हायटन चांगलं टिकतं, म्हणून घेताना तेवढं विचाराच. परवा उघडून पाहिलं, खाच नाही. वाटीचं ओरिंग मात्र फुगलं होतं, खोबणीत बसेना. ते रात्रभर उघड्यावर सुकत ठेवलं तेव्हा पुन्हा मापात आलं. आत्ता काम भागलंय, पण पुढच्या वेळी हे ओरिंग वेगळं, चांगल्या प्रतीचं घेईन.

किटमधले जेट मी लावलेच नाहीत. स्वस्त किटच्या जेटवर आकडा बरोबर असतो, भोक त्याच मापाचं असेल याची खात्री नसते. मूळ जेट पितळी आहेत, साफ केले की वर्षानुवर्षं चालतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ओव्हरफ्लो होत असेल तर किक मारण्याआधी ऑइलची कांडी काढून हुंगा. पातळी वाढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल इंजिनात उतरलंय. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंग आणि पिस्टन खराब होतात. आधी गळती थांबवा, मग ऑइल बदला, आणि तोवर रात्री कॉक बंदच ठेवा.

नळी मात्र पिवळी पडून कडक झालीय. पुढची पेट्रोलसाठीच बनवलेली घेणार, थोडी महाग पडली तरी.