रत्नागिरीतील एक घरपोच ड्रेसिंग सेवा : जखम धुण्यातला धीर

भातलावणीच्या सुमारास वडिलांच्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी झालेली जखम नवरात्र आले तरी भरत नव्हती. मधुमेह जुना, त्यामुळे पाय बधिर आणि वेदना जवळजवळ नाहीच. शल्यचिकित्सकांनी पायाचा रक्तप्रवाह तपासून मृत भाग काढून टाकल्यावर पुढील ड्रेसिंगसाठी आम्ही ही सेवा घेतली.

येणाऱ्या परिचारिकेचा धीर हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे. चिकटलेले गॉज त्या कधीही ओढत नाहीत. आधी ते सलाइनने भिजवतात, थांबतात आणि सुटल्यावरच उचलतात, कारण ओढले तर त्यासोबत नव्याने धरलेला तांबडा, दाणेदार थरही निघून येतो. नंतर किंचित कोमट केलेले ०.९ टक्के नॉर्मल सलाइन मोठ्या सिरिंजने अशा बेताने सोडतात, की पिवळा बुळबुळीत थर सुटावा, पण खालचे मांस दुखावू नये. या थरात जंतू चिकट आवरण करून राहतात आणि औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. शेवटी कडेची त्वचा टिपून कोरडी करतात व कागदी पट्टीने जखम मोजून वहीत नोंदवतात.

यापूर्वी एका दवाखान्यात दर खेपेस हायड्रोजन पेरॉक्साइड ओतत असत. फेस उसळला की आपल्याला बरे वाटते, परंतु त्याने नव्या पेशींनाही इजा होते. ‘समुद्राच्या खाऱ्या पाण्यात पाय बुडवा’ हा किनाऱ्यावरचा ठरलेला सल्लाही परिचारिकेने ठामपणे मोडीत काढला, आणि ते योग्यच होते. समुद्रातील व्हिब्रिओ जंतू मधुमेहींच्या उघड्या जखमेत शिरल्यास जिवावर बेतू शकते.

उणिवाही आहेत. साहित्याचा खर्च वेगळा असतो, हे बिल आल्यावर कळले. परतीच्या पावसात आतल्या वाडीत कोणी आले नाही आणि ओल्या पट्टीखाली जखमेच्या कडा पांढऱ्या पडल्या. उघडलेली सलाइनची बाटली २४ तासांनंतर टाकून द्यावी, हेही आम्हाला विचारल्यावरच सांगितले गेले. पायावरचा भार कमी करणाऱ्या चपलेबद्दल तर त्यांनी अवाक्षरही काढले नाही. ती शल्यचिकित्सकांनी दिली म्हणून बरे, नाहीतर प्रत्येक पावलागणिक जखम पुन्हा चेचली गेली असती.

नोंदणी करताना एकच परिचारिका कायम येईल का, हे आवर्जून विचारावे. एकदा बदलीवर आलेल्या मुलाने मापांची वही उघडलीसुद्धा नाही.