फिश टँकच्या संपसाठी ड्रेन पाईप एक, दोन की तीन? अन् रिटर्न कसा काढायचा

माशांचा चार फुटी टँक बनवायला टाकणार असाल अन् खाली संप (फिल्टरचा दुसरा टँक, पाणी ड्रेन पाईपनं त्यात उतरतं अन् त्यातला पंप ते रिटर्न पाईपनं परत वर टाकतो) ठेवायचा ठरलं असेल तर भोकं किती अन् कुठं ते काचवाल्याला आधीच सांगावं लागतं, टँक भरल्यावर सुचून काही फायदा नाही. काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असली तर विषयच संपला, तिला भोक पडत नाही, सरळ फुटते. मी सुरुवात एका पाईपवर केली, आता दोनवर आहे, अन् मनीषनगरला एका मित्राकडे तीनवाला लावून दिला, त्यामुळे तिन्हींचं सांगू शकतो.

एक पाईप म्हणजे ड्युर्सो. उभ्या पाईपच्या डोक्यावर टी, तिचं आडवं तोंड एल्बो लावून खाली वळवलेलं, वरच्या कॅपला बारीक भोक. त्या भोकातून हवा आत जाते अन् पाणी हवेसोबत खाली येतं. ह्याला सेटिंग असं काही नसतंच, दिवसातून पाच वेळा लाईट गेली तरी आपोआप चालू होतो. पण पाणी थोडं जास्त सोडलं की गुळगुळ सुरू, अन् हॉलमध्ये झोपणारं कोणी असेल तर रोज शिव्या. खरी भानगड वेगळीच आहे, हा पाईप तुंबला तर पाण्याला दुसरी वाटच नाही. माझ्याकडे ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टँकमधलं पाणी सांडून पाईपकडे जातं त्या कप्प्याच्या, जाळीचा एक दात तुटला होता, रात्री गोगलगाय तिथून शिरली अन् पाईपच्या तोंडात जाऊन बसली. आता हिशोब पाहा, टँक 120 बाय 45 सेंमी म्हणजे 1 सेंमी पाणी चढायला 5.4 लिटर लागतात, वर जागा ठेवली होती तेवढी 1 सेंमीच, अन् संपमधल्या पंपाच्या कप्प्यात होतं 12 लिटर. उरलेलं साडेसहा लिटर फरशीवर. सकाळी खालच्या काकू वर आल्या, "काहून रे, तुझे मासे आता आमच्याकडे राहायला येऊन राहिले का?"

दोन पाईप म्हणजे हर्बी. पहिल्याचं तोंड पाण्याखाली, त्याला खाली व्हॉल्व्ह, तो थोडा थोडा दाबत हवा पूर्ण बाहेर काढायची की पाईप काठोकाठ भरून वाहतो, आवाज जवळपास शून्य. दुसरा थोडा उंच ठेवायचा, इमर्जन्सी म्हणून, त्याला व्हॉल्व्ह चुकूनही लावायचा नाही. लाईट आल्यावर एक-दोन मिनिटं दुसऱ्यातून खळखळ होते, मग पहिला हवा बाहेर फेकतो अन् शांत. नाही झाला शांत तर संपमधलं त्याचं टोक पाण्यात किती बुडालंय ते बघा, इंचभर पुरे, जास्त बुडालं तर हवा निघत नाही. अन् व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून एकदा तरी पाहा की एकटा इमर्जन्सी पंपाचं सगळं पाणी ओढतो का, नसेल ओढत तर तो नावालाच इमर्जन्सी.

ह्यात नागपुरात डोकं खाणारी गोष्ट म्हणजे तो व्हॉल्व्ह. बारीक सेटिंगला गेट व्हॉल्व्ह पाहिजे, बॉल व्हॉल्व्हमध्ये केसभर फिरवलं की प्रवाह एकदम बदलतो. अन् इतवारीत गेट व्हॉल्व्ह मागितला की दुकानदार पितळी काढून देतो. तो घेऊ नका ना बापा, पितळेत तांबं असतं, श्रिम्प अन् गोगलगायींना ते चालत नाही. प्लास्टिकचाच शोधा, नाहीच मिळाला तर बॉल व्हॉल्व्हवर जमतं पण दर आठ-पंधरा दिवसांनी हात लावावा लागतो.

तीनवाला बीनअॅनिमल. एक भरून वाहणारा, दुसरा ड्युर्सोसारखा थोडंसं पाणी नेणारा, तिसरा कोरडा. मजा दुसऱ्यात आहे, त्याच्या वर हवेची बारीक नळी असते अन् तिचं टोक पाण्याच्या जरा वर धरलेलं असतं. पहिला तुंबला की पाणी चढतं, नळीचं तोंड बुडतं, हवा बंद, अन् दुसरा स्वतःच सायफन होतो, म्हणजे पहिल्यासारखा भरून वाहतो. सेटिंगपण हर्बीइतकी नाजूक नाही. फक्त तीन भोकं, जास्त फिटिंग अन् मोठा ओव्हरफ्लो बॉक्स, एवढी जागा दीड फूट रुंदीच्या टँकमध्ये खटकते. घर आठ-आठ दिवस बंद राहत असेल तर मी हाच लावीन, घरी कोणी ना कोणी असतं त्यांनी दोनवर थांबावं. एकटा ड्युर्सो आता मी कोणाला सांगत नाही. तयार टँकवर अडकवायचा यू-पाईपवाला ओव्हरफ्लो तर त्याहून नको, लाईट येता-जाता त्यात हवा अडकली की सायफन तुटतो.

रिटर्नला पर्याय दोनच, होज की कडक पाईप. मी दोन्ही वापरतो, पंपाजवळ वीतभर होज म्हणजे कंप काचेला जात नाही, पुढं 1 इंची युपीव्हीसी अन् मध्ये युनियन (हातानं खोलता येणारा जोड), नाहीतर पंप धुवायला काढताना करवत लागेल. घरात उरलेला क्रीम रंगाचा सीपीव्हीसी जोडू म्हणाल तर इंच तोच असला तरी बाहेरचं माप वेगळं, बसतच नाही. 90 च्या एका एल्बोऐवजी 45 चे दोन लावा. पंपाच्या डब्यावर ताशी 3000 लिटर अन् जास्तीत जास्त उंची 3 मीटर लिहिलं असेल तर दीड मीटर उंचीवर अर्ध्याच्या आसपासच मिळतं, घेताना हे धरून चाला.

लाईट गेल्यावर रिटर्नमधून पाणी उलटं येतंच. नोझल, म्हणजे रिटर्नचं टँकमधलं तोंड, 5 सेंमी बुडालेलं असेल तर 27 लिटर खाली, अन् संप 75 बाय 38 चा असेल तर पातळी साडेनऊ सेंमी चढणार. चेक व्हॉल्व्हच्या (उलटं येणारं पाणी अडवणाऱ्या) भरवशावर राहू नका, शेवाळ किंवा एखादी बारीक गोगलगाय अडकली की तो बंद होत नाही. नोझल वरच ठेवा, पातळीच्या जरा खाली पाईपला एक भोक पाडा, ते महिन्यातून एकदा काडीनं साफ करा, अन् तरीही संपमध्ये जागा सोडाच.

पंप बंद करून सगळं पाणी खाली येऊ द्या, संप काठापासून दोन बोटं खाली राहील एवढंच ठेवा, मग पंप चालू करून पंपाच्या कप्प्यात जिथं पाणी थांबेल तिथं रेष मारा, तिच्या वर पाणी भरायचं नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की त्याच कप्प्यातलं पाणी रोज खाली जातं, अन् आमच्याकडे आई दुपारी कूलर भरता भरता संपातपण बादली ओतते, म्हणून माझी रेष लाल मार्करनं चांगली जाड काढलेली आहे.