फिशफाइंडर घरात चालवायचा: अडॅप्टर की बॅटरी?

१ जूनला मासेमारीबंदी लागली की ३१ जुलैपर्यंत गोव्यात मालीमच्या आणि शापोऱ्याच्या धक्क्यावर ट्रॉलर दाटीवाटीने उभे असतात. आमच्यासारख्या हौशी गळवाल्यांची छोटी होडी तर त्याआधीच माडाखाली, चुडतांच्या आडोशाला गेलेली असते. फिशफाइंडर (पाण्याची खोली आणि खालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) तेवढा काढून घरी आणायचा. खारा वारा आणि पाऊस यांत तो होडीवर ठेवला, तर ऑगस्टमध्ये कनेक्टरच्या पिना हिरव्या झालेल्या दिसतात.

यंदा भाच्याने पाच इंची मशीन घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘मामा, हे घरात कसं पेटवायचं?’ विचारायचं कारण बरोबर होतं. मेनू शिकायचा, खडपांच्या (पाण्यातल्या खडकांच्या) जीपीएसवरच्या खुणा नीट नावं देऊन लावायच्या, सॉफ्टवेअर अपडेट करायचं, ही कामं होडी हलत असताना होत नाहीत. पण मशीनला प्लग नसतो. असतात त्या लाल आणि काळी अशा दोन वायरी, शिवाय एखाद-दुसरी रंगीत वायर. ती दुसऱ्या उपकरणाशी माहिती जोडायची असते. तिला टेप मारून बाजूला ठेवावं.

आधी भूक किती ते पाहा. बहुतेक फिशफाइंडर १० ते २० व्होल्ट डीसीवर चालतात, काहींची वरची मर्यादा १७ असते. चार-पाच इंची मशीन अर्ध्या अँपिअरच्या आसपास खातं. मोठी स्क्रीन आणि साइड स्कॅन (होडीच्या दोन्ही बाजूंचं पाणी दाखवायची सोय) असलेलं दोन-तीन अँपिअरपर्यंत जातं. तुमचा आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो आणि दुकानात जाण्याआधी तो पाहून घ्यावा.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर. म्हापशात, पणजीत, मडगावात कॅमेरे बसवणाऱ्या कुठल्याही दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्याच दुकानात स्क्रूवाला डीसी जॅक मागा, म्हणजे अडॅप्टरची पिन कापावी लागत नाही. लाल वायर अधिकला, काळी उणेला, स्क्रू आवळले की झालं. दोन अँपिअरचा अडॅप्टर अर्धा अँपिअर खाणाऱ्या मशीनला जाळेल अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही, मशीन लागेल तेवढाच करंट ओढतं. भीती बाळगायची ती व्होल्टेजची. माळ्यावर पडलेला जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला एलिमिनेटर (जुन्या धाटणीचा अडॅप्टर) १२ व्होल्ट लिहिलेला असूनही भार नसताना १६-१७ दाखवतो. मल्टिमीटर लावून पाहिल्याशिवाय तो जोडू नका.

उलट जोडणीचा अनुभव माझ्या गाठीशी आहे. चष्मा न लावता दिव्याच्या उजेडात वायरी जोडल्या, आणि फट्. मशीन वाचलं, कारण वायरीतला फ्यूज गेला. तसला फ्यूज शोधायला शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत म्हापशाला जावं लागलं, ती शिक्षा वेगळी. तेव्हा घरात आहे म्हणून फ्यूज काढून थेट जोडू नका. पुस्तिकेत सांगितलेल्या अँपिअरचाच ठेवा.

आता बॅटरी. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बंद लेड बॅटरी साधारण हजाराच्या आसपास पडते, चार्जर वेगळा. अर्धा अँपिअर खाणारं मशीन त्यावर कागदावर १४ तास चालेल. प्रत्यक्षात निम्मी उतरली की थांबावं, नाहीतर लेड बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणजे सहा-सात तास धरा. वजन सव्वादोन किलोच्या घरात, टेबलावर ठेवायला काही त्रास नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी साधारण निम्म्या वजनाची आणि बरीच महाग; तिला तिचाच चार्जर लागतो. मात्र ती जवळजवळ पूर्ण उतरवली तरी चालते आणि शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवते. कायाकवरून गळ टाकणाऱ्याने सरळ तीच घ्यावी.

नुसतं मेनू शिकायचं म्हटलं तर अडॅप्टर जिंकतो, यात वाद नाही. चार्ज करायची आठवण नको, तास मोजायला नकोत. पण आपल्याकडे जून-जुलैत वीज कशी असते ते सांगायला नको. एक माड तारेवर पडला की संध्याकाळ गेली. मेनू चाळताना वीज गेली तर नुकसान शून्य. सॉफ्टवेअर अपडेट अर्ध्यावर असताना गेली तर मशीन पुन्हा सुरूच न होण्याची शक्यता असते आणि मग सर्व्हिस सेंटरला पाठवत बसा. म्हणून अपडेट नेहमी भरलेल्या बॅटरीवर करावं, असं माझं ठाम मत आहे. पुस्तिकाही अपडेट चालू असताना वीज तोडू नका म्हणतात, आणि ते वीजमंडळाला कळवायची सोय नसते.

मधला मार्ग अनेकांच्या घरात आधीच आहे: राउटरला लावलेला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. लहान मशीन त्यावर निवांत चालतं. फक्त एकदा परीक्षा घ्या, मशीन चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा. स्क्रीन न लुकलुकता चालू राहिली तर तो भरवशाचा. मशीन नव्याने सुरू झालं तर अपडेटला उपयोगाचा नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात. संगणकाचा जुना एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) चालतो, पिवळी वायर १२ व्होल्ट, काळी उणे. पण हिरवी वायर काळीला जोडून तो उठवावा लागतो, पंखा घोंघावतो आणि एवढ्या पसाऱ्याचा फायदा काही नाही. गाडीच्या बॅटरीचा चार्जर बॅटरीशिवाय थेट मशीनला लावू नका. नवे चार्जर बॅटरी दिसली नाही तर वीजच देत नाहीत, जुने देतात ती इतकी ओबडधोबड की मशीनने का सोसावी? गाडीची मोठी बॅटरी खोलीत आणण्याचीही गरज नाही. आम्ल, वजन आणि चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन, पावसात दारं-खिडक्या बंद असलेल्या घरात हे नकोच. टाइप-सी पॉवर बँकेवरून १२ व्होल्ट काढणारी छोटी केबल मिळते, पण कित्येक पॉवर बँका ५, ९, १५ आणि २० देतात, १२ देतच नाहीत. मीटर असेल तरच त्या वाटेला जा.

कुठल्याही विजेवर चालवा, ट्रान्सड्युसरचं (पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाचं) एक लक्षात ठेवा. तो हवेत लटकत असताना सोनार चालू ठेवू नये. पाणी नसलं की जास्त शक्तीचा ट्रान्सड्युसर तापतो. बादलीत बुडवून खोली पाहायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. बादलीच्या भिंतींवरून आवाज इतक्या वेळा उलटतो की पडद्यावर येणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो. त्यापेक्षा सिम्युलेटर लावा. मशीन खोटा समुद्र दाखवतं, खोटे मासे जातात, आणि मासा पडद्यावर कमानीसारखा केव्हा दिसतो, रेघेसारखा केव्हा, हे डोळ्यांना सवयीचं होतं. खऱ्या खुणा तपासायच्या तर सिम्युलेटर बंद करून बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) बसा. स्लॅबखाली जीपीएसला उपग्रह सापडत नाहीत.

सेकंडहँड मशीन विकत घेताना मात्र अडॅप्टर नको, बॅटरीच न्या. विकणाऱ्याच्या घरी वीज असो-नसो, मशीन अर्धा तास चालवून बघता येतं, आणि होडीवर त्याला बॅटरीच मिळणार असते.

भाच्याने शेवटी ७ एएचची लेड बॅटरी घेतली, कारण तीच ऑगस्टमध्ये होडीत जाईल. मी त्याला एवढंच बजावलं की बंदीच्या दोन महिन्यांत ती महिन्यातून एकदा पुरती चार्ज करायची, उतरलेली ठेवली तर आतून खराब होते. अडॅप्टर माझ्याकडे आहे. रात्री जेवल्यावर तो येतो, त्याची बॅटरी चार्जिंगला लावतो आणि माझ्या अडॅप्टरवर मशीन चालवतो.