आठ महिने ऑर्केस्ट्रा लायब्ररी वापरल्यावर: डेमोत न ऐकू आलेल्या गोष्टी

आठ महिन्यांपूर्वी मी पहिली मोठी ऑर्केस्ट्रा सॅम्पल लायब्ररी घेतली, म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर, जे कॉम्प्युटरवर कीबोर्डने वाजवता येतात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते जवळजवळ कुठल्याही लायब्ररीला लावून बघता येईल. निवड मी डेमो ऐकून केली. सहा हॉर्न, खालून ट्रोम्बोन, टिंपनीचा गडगडाट. अंगावर काटा आला आणि निर्णय झाला. ब्रास आजही मला तितकाच आवडतो. पण मी लिहितो त्यातलं निम्म्याहून जास्त संगीत हळू आवाजात चालतं, आणि हळू आवाजात ही लायब्ररी कशी वाजते हे डेमोत एकदाही ऐकू आलं नव्हतं.

पहिला धक्का ओबोने दिला. एकच लांब सूर धरून मॉड व्हील (कीबोर्डवरचं आवाज हळू-जोरात करणारं चाक) हळूहळू वर नेत होतो. या व्हीलचे आकडे 0 ते 127. साधारण पन्नाशीपर्यंत सूर सुंदर वाढला आणि मग एकाएकी एकाऐवजी दोन ओबो वाजल्यासारखे वाटले. कारण साधं आहे. हळू वाजवलेला सूर आणि जोरात वाजवलेला सूर ही दोन वेगळी रेकॉर्डिंग्ज. व्हील मध्यावर आलं की एक मावळतं, दुसरं उगवतं, आणि तेवढ्या वेळात दोन्ही एकदम ऐकू येतात. सोळा व्हायोलिनच्या गर्दीत हे खपून जातं, एकट्या वाद्यात खपत नाही, कारण दोन्ही रेकॉर्डिंगमधला व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचं कंपन, जुळत नाही. आता मी ओबोची ओळ लिहिताना व्हील त्या पट्ट्यात रेंगाळू देत नाही. एक तर खाली ठेवतो, नाहीतर झटकन ओलांडतो. चालतं, पण आपल्या मनातला चढउतार सोडून लायब्ररीला झेपेल तो लिहावा लागतो, आणि ते मला मनापासून खटकतं.

लेगाटोबद्दल, म्हणजे न तोडता जोडून वाजवलेल्या सुरांबद्दल, मात्र चांगलं बोलायचंय. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधला प्रवास खरा रेकॉर्ड केलेला आहे, आणि चेलोची संथ ओळ अशी गाते की तासन्‌तास तीच वाजवत बसावं. फक्त मींड मागू नका. रेकॉर्ड केलेला पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर घसरणं) ठरावीक वेगाने घसरतो. मधल्या श्रुतींवर थांबत, आंदोलन घेत जाणं त्याला जमत नाही.

पण याच लेगाटोने माझे पहिले तीन आठवडे खाल्ले. सगळ्या नोट्स सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या ग्रिडवर अचूक बसवल्या तरी ओळ मागे ओढल्यासारखी वाटायची. मी कॉम्प्युटरचा ऑडिओ बफर कमी केला (त्याने आवाजाचा उशीर घटतो), ऑडिओ इंटरफेसला दोष दिला. शेवटी ट्रॅक ऑडिओत उतरवून वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला, तर नवा सूर खऱ्या अर्थाने उभा राहायला सुमारे 200 मिलिसेकंद घेत होता. 120 च्या टेम्पोला आठवी नोट 250 मिलिसेकंदांची असते, म्हणजे उशीर जवळजवळ एका आठव्या नोटेएवढा! स्पिकाटोचा, म्हणजे उडत्या बोच्या तुटक सुरांचा, उशीर मोजला तर 60 च्या आसपास. तेव्हापासून लांब सूर आणि तुटक सूर वेगळ्या ट्रॅकवर ठेवतो. एकाला उणे 200, दुसऱ्याला उणे 60 असा ट्रॅक डिले, म्हणजे ट्रॅक तेवढा आधी सुरू होतो. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या स्ट्रिंग्ज एकत्र श्वास घेताना ऐकल्या.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे रेकॉर्डिंग झालं त्या खोलीचा घुमार. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीचा जुना संग्रह त्यांच्या सायलेंट स्टेज या स्टुडिओत, जवळजवळ कोरडा, म्हणजे घुमाराशिवाय रेकॉर्ड केलेला. उलट स्पिटफायरची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ही लायब्ररी मेडा व्हेल स्टुडिओची हवा सोबत घेऊन येते, ऑर्केस्ट्रल टूल्सची बर्लिन मालिका टेल्डेक्स स्टुडिओची. माझीही अशीच ओली, म्हणजे घुमणारी, मोठ्या हॉलची. एकटी वाजवली की काहीच करावं लागत नाही. मग मी दुसरीकडची एक कोरडी बासरी आणून मध्ये बसवली, तर ती हॉलमध्ये न बसता थेट श्रोत्याच्या मांडीवर येऊन बसली. रिव्हर्बने, म्हणजे कृत्रिम घुमाराने, थोडी मागे गेली, पण त्या हॉलची झाली नाही. कोरड्या आवाजाला खोली देता येते. ओल्याची खोली काढता येत नाही. पुढे अजून लायब्ररी जोडायचा विचार असेल तर हे आधीच ठरवा.

माइकच्या बाबतीत क्लोज (वाद्याजवळचा), ट्री (ऑर्केस्ट्रासमोर उंचावर लावलेला), अँबियंट (हॉलमधला लांबचा) असे पर्याय आहेत. प्रत्येक माइक चालू केला की रॅमवर आणि एसएसडीवर तेवढाच जादा भार. माझ्याकडे 16 जीबी रॅम. लिहिताना फक्त ट्री चालू ठेवतो, बाकीचे शेवटी.

आणखी एक चूक मी बरेच दिवस करत होतो. व्हायोलिनच्या पॅचवर (लायब्ररीतल्या एका वाद्याच्या आवाजावर) तीन सुरांचा कॉर्ड दाबायचा. पण तो पॅच सोळा वादकांचा आहे, म्हणजे तीन सुरांत अठ्ठेचाळीस व्हायोलिन. आवाज भरदार न होता फुगतो. डिव्हिसीचे, म्हणजे वादक छोट्या गटांत विभागलेले, वेगळे पॅच असतील तर ती लायब्ररी माझ्या दृष्टीने दोन पायऱ्या वर. माझ्या लायब्ररीत नाहीत, म्हणून वरचा सूर पहिल्या व्हायोलिनला, मधला दुसऱ्यांना, खालचा व्हायोलाला देतो. खरं तर लिहायचं असंच असतं.

कीस्विच (वाजवण्याची पद्धत बदलणाऱ्या कीबोर्डच्या पट्ट्या) चुकत असतील तर लायब्ररीला दोष देण्याआधी नोटांची नावं तपासा. 60 क्रमांकाच्या नोटेला काही सॉफ्टवेअर सी3 म्हणतात, काही सी4. राउंड रॉबिन, म्हणजे एकाच सुराची आळीपाळीने वाजणारी वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज, पुरेसे आहेत, भरभर तुटक स्टॅकाटोतही तोच आवाज मशीनगनसारखा परत परत आल्यासारखं वाटत नाही. परवाना बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, म्हणून आवडली नाही तर विकू हा हिशेब धरू नका.

निवडताना मी आता एकच करतो. सजवलेला डेमो बाजूला ठेवतो आणि कुणीतरी एकच पॅच उघडून, दुसरं काहीही न वाजवता, सावकाश वाजवलेला व्हिडिओ शोधतो. लांब सूर, व्हील तळापासून माथ्यापर्यंत आणि परत खाली. मग चार सुरांचा लेगाटो, अगदी हळू, पियानिसिमोत. ब्रास आणि चेलो मी याच लायब्ररीचे ठेवणार आहे. ओबो-बासरीसारख्या फुंकवाद्यांसाठी गेल्या महिन्यापासून दुसरी ऐकतोय, आणि तिच्या ओबोचं व्हील मी आतापर्यंत पन्नासेक वेळा तरी वरखाली करून पाहिलंय.