चॉक पेंट किट: रंग एक नंबर, वॅक्सच्या नावाने बोंब

ऑनलाइन मिळणारं एक देशी किट मागवलं होतं, त्यात अर्धा लिटर ऑफव्हाइट चॉक पेंट (खडूसारखा मॅट दिसणारा, पाण्यातला रंग), त्यावर लावायचं क्लिअर वॅक्स, डार्क वॅक्स, एक ब्रश आणि पॉलिश पेपरचे तुकडे. सासूबाईंचं दुधाचं जाळीचं कपाट आहे सागवानी, त्यावर जुना हिरवा ऑइल पेंट, त्याला अँटिक लूक द्यायचा होता. (सासूबाई म्हणे, जुनंच आहे की गं ते, अजून जुनं काय करतेस. पॉइंट आहे.)

रंगाला पैकीच्या पैकी. प्रायमर नाही, लांबी (पुट्टी) नाही, साबणाच्या पाण्याने ओशटपणा काढला, सुकवलं आणि थेट हात मारला तरी ऑइल पेंटवर मस्त धरला. हा प्रकार मुळात इंग्लंडच्या अ‍ॅनी स्लोन बाईंनी १९९० मध्ये काढला, त्यांचा इंपोर्टेड डबा आपल्या खिशाला परवडत नाही म्हणून हा देशी. उन्हाळ्यात ब्रश ओढेपर्यंत वाळतो, त्यामुळे ब्रश किंचित ओला ठेवायचा. जिथे हिरवा रंग उडून सागवान उघडं पडलं होतं तिथून पिवळट डाग वर येतात, तेवढ्याला आधी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या लाखदाण्याचा हात द्या म्हणजे कटकट नाही.

आता मुद्द्याचं. किटच्या कागदावर लिहिलंय की रंग सुकला की कडा पेपरने घासा. जुन्या ऑइल पेंटवर हे अजिबात करू नका! घरगुती रंगात शिसं (विषारी असतं ते) ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालाय, त्याआधीच्या डब्यांत किती होतं देव जाणे, आणि अँटिक लूक म्हणजे नेमका तोच जुना थर उघडा करायचा, मग ती पूड घरभर, लहान मुलं असतील तर विषयच संपला. त्यापेक्षा ओलं फडकं घ्या. चॉक पेंट वॅक्स लावायच्या आधी पाण्याने मऊ पडतो, पिळलेल्या फडक्याने कडेवर दाबून फिरवलं की पांढरा हळूहळू निघतो आणि खालचा हिरवा जागचा हलत नाही, पूड शून्य. कोपऱ्यांना रंग लावायच्या आधीच मेणबत्ती घासून ठेवली तर तिथला रंग नुसत्या नखाने सुटतो.

आणि हे ओलं फडकं फिरवायचं कुठे, तर जिथे वर्षानुवर्षं हात लागला असता तिथेच. कडीच्या आजूबाजूला, दाराच्या उघडायच्या बाजूला, पायांना खाली जिथे झाडू आपटतो तिथे. इन्स्टावर लोक दाराच्या मधोमध चट्टे पाडतात, ते अँटिक नाही दिसत, गजकर्ण झाल्यासारखं दिसतं.

वॅक्स मात्र भंगार. क्लिअर ठीकठाक, पण डार्कची डबी उघडली तर आतलं वाळून खडखडीत, सेलर म्हणतो फोटो पाठवा, पाठवले, आता उत्तरच नाही. दुसऱ्या कंपनीचं आणलं. डार्क लावताना आधी क्लिअरचा हात हवाच, नाहीतर रंग ते पिऊन टाकतो आणि काळपट डाग कायमचा बसतो. क्लिअर असेल तर जास्तीचं पुसता येतं, फक्त खाचेत आणि जाळीच्या चौकटीला राहतं, तेच छान दिसतं.

ब्रशचे केस गळतात, हार्डवेअरवाल्याकडचा घ्या. नुसता रंग सुटा मिळत असेल तर किटच्या भानगडीत पडू नका. अगदीच स्वस्तात हवं असेल तर एक कप इमल्शनला (भिंतीच्या रंगाला) पाव-एक कप पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) पाण्यात नीट कालवून घाला, काम भागतं, फक्त लागेल तेवढंच बनवा कारण थोड्या वेळाने दगड होतो.

पावसाळ्यात हे काढू नका. वॅक्स पक्कं व्हायला एरवीच दोन-तीन आठवडे लागतात, दमट हवेत चिकचिकतं आणि वर ठेवलेल्या वर्तमानपत्राची छपाई दारावर उतरते.